गाडीवर माझा पूर्ण विश्वास आहे

१८ सप्टेंबर
नवं काम सुरू. चाकणच्या कंपनीत बिनड्रायव्हरच्या गाडीचा ड्रायव्हर. भोसरीत लोक हसतात, हसू देत. वीस वर्षं कंपनीची बस चालवली म्हणून तर मला निवडलं. काम सोपं: स्टिअरिंगपुढे बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, गाडी चुकली तरच मध्ये पडायचं. आज टेस्ट ट्रॅकवर स्टिअरिंग आपलं आपण फिरलं. भीती अजिबात वाटली नाही. घाम आला, पण एसीच नीट नव्हता.
संकल्प: ब्रेकला पाय लावायचा नाही.

१९ सप्टेंबर
लावला. बूट घट्ट आहेत.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
गाडीसमोर पुठ्ठ्याचा माणूस आडवा सोडतात. आज गाडी बरोब्बर थांबली. आमच्या इंजिनिअर वर्षाली मॅडम म्हणाल्या, सयाजीकाका, गाडी थांबली नाही, तुम्ही थांबवलीत. तिला एकदा तरी संधी द्या. मी म्हटलं, अनुभवी माणसाचा पाय परवानगी मागत नाही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

२६ सप्टेंबर
घात झाला. खंडेनवमीला कंपनीत घरच्यांना बोलावलंय, पूजा झाली की गाडीतून चक्कर. मी घरी बोललो नव्हतो, पण ग्रुपवरचा मेसेज बायकोने, रुपालीने वाचला. लेकीने, मैत्रीने शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं, पप्पांची गाडी कुणी न चालवता चालते. सासूबाईही मावळातून येतायत.
माझी पोरगी त्या गाडीत. जेवण गेलं नाही. दुपारच्या वड्यामुळे.

२८ सप्टेंबर
मैत्रीला म्हटलं, खोकला दिसतोय तुला, घरीच थांब. खोकला नाही म्हणाली. रुपालीने विचारलं, अहो, गाडी सेफ आहे ना? म्हटलं, शंभर टक्के. मग आंघोळीला जाऊन बराच वेळ नळ सोडून बसलो.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी, दुपार
शॉपमध्ये प्रेसची, फोर्कलिफ्टची, सगळ्यांची पूजा झाली. आमच्या गाडीची मी स्वतः केली. बाकीचे बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळे होतात. मी विचार केला, या गाडीत काम कोण करतं? कॅमेरे. मग पुढच्या, मागच्या, बाजूच्या, एकेका कॅमेऱ्याला हळद-कुंकू ओलं करून दाबून लावलं. छतावरच्या फिरत्या डब्याला झेंडूचा जाड हार गुंडाळला. मॅडम पेढे वाटत होत्या, त्यांना त्रास दिला नाही.
आता कसं निर्धास्त वाटतंय.

संध्याकाळ
जे झालं ते लिहितो.
मागे रुपाली, सासूबाई, मधे मैत्री. गाडी निघाली, थोडं अंतर गेली आणि पिपाणीसारखी वाजायला लागली. स्क्रीन लाल. मग हळू होत होत, इंडिकेटर देऊन, कडेला उभी राहिली.
सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, दमली व्हय ही?"
माझ्या डोक्यात एकच, गाडीचं डोकं फिरलं आणि पोरगी मागे बसलीय. स्टिअरिंग धरलं आणि ब्रेक दाबला. म्हणजे जो दाबला तो ब्रेक नव्हता. गाडीने उडी मारली. कुंड्या गेल्या. गेटवरचा रोहिदास खुर्ची सोडून पळाला म्हणून वाचला, खुर्ची नाही वाचली.
कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मैत्रीने मात्र हंबरडाच फोडला.
मॅडम धावत आल्या. ओढणीने एक कॅमेरा पुसला, पिवळी झालेली ओढणी बघितली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, तिला दिसेना म्हणून ती थांबली. तुम्हाला तर सगळं दिसत होतं ना?"
मी कुंड्या मोजायचं नाटक केलं.

२ ऑक्टोबर, दसरा
सोमवारपासून मला स्टोअरमध्ये बसायचंय. अनुभवी माणसाची तिथे गरज असणारच.
सोनं द्यायला मैत्री आली. पाया पडली. मी विचारलं, भीती गेली का गं? हो म्हणून मान डोलावली. म्हणाली, मला परत त्या गाडीत बसायचंय.
मी म्हटलं, शाब्बास, मी मॅडमना सांगतो.
म्हणाली, "पण पुढे कुणी नको, पप्पा."
मी बरं म्हटलं.