दोन वर्षांची गाठ

१६ जानेवारी १९९७. देवळाली प्रवरा.
नगरहून रिपोर्ट आला. सौ.ला स्तनाचा कॅन्सर. शब्द पूर्ण लिहिला. घाबरट माणूस 'छातीचा त्रास' असे लिहितो.
तपासणीला तिला लंकावहिनी घेऊन गेली होती, थोरल्या भावाची बायको, शेजारीच राहते. मला शाळेत काम होते. हेडक्लार्कला रजा अशी नसतेच.
आता सूत्रे माझ्या हाती. ठरवले: घरात कोणी रडायचे नाही. सर्व कागद माझ्याकडे. तंबाखू आजपासून बंद.
कॅन्सरची पॉलिसी आहे. पंच्याण्णवच्या डिसेंबरात एजंट बन्सीने गळ्यात मारली. शाळेची वैद्यकीय प्रतिपूर्ती यायला दीड वर्ष लागते. ही पॉलिसी निराळी, निदान होताच एकरकमी पैसे. घेतली ती माझ्या तंबाखूमुळे. जोडीने घेतल्यास हप्ता कमी, म्हणून सौ.चे नाव घातले. दूरदृष्टी ती हीच.

१७ जानेवारी.
तंबाखू दुपारी पुन्हा सुरू. कागद हाताळायचे तर डोके जागेवर हवे.

२१ जानेवारी. पुणे.
हॉस्पिटल. तीन तास रांग. शेजारचा गृहस्थ रिकाम्या स्ट्रेचरवर डबा मांडून अंडी सोलत होता. टरफले औषधांच्या खोक्यात टाकत होता. शिसारी आली. या देशात आजारी पडणेसुद्धा स्वच्छ राहिलेले नाही.
डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या. साबडे. चाळिशीच्या आत. सौ.ला विचारले, गाठ कधीपासून? सौ. पदर ओढून बसली. अशा ठिकाणी बायका बोलत नाहीत, नवऱ्याने सांगायचे असते. मी सांगितले, दोन वर्षे. ठाम सांगितले. 'माहीत नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याबद्दल डॉक्टरचे काय मत होईल? पूर्ण आकडा दिला की समोरचा मान देतो. बाईंनी लगेच लिहून घेतले.
बाहेर आल्यावर सौ. म्हणाली, अहो, दोन वर्षं कुठली? श्रावणात लागली हाताला.
म्हणालो, श्रावण काय नि भाद्रपद काय, डॉक्टरला काय करायचंय?
ती पुढे चालू लागली. पटले असावे.

३० जानेवारी.
ऑपरेशन झाले. डावा स्तन काढला. बाजूला नळी आणि बाटली लावली आहे. ड्रेसिंग बदलताना मी बाहेर थांबलो. पाहवत नाही असे नाही. बिलांच्या झेरॉक्स काढायच्या होत्या. आत लंकावहिनी होतीच.

११ फेब्रुवारी.
क्लेम दाखल. सोबत तेवीस कागद, अनुक्रमांक घालून, हिरव्या फितीत बांधून. बन्सी फाइल हातात तोलत म्हणाला, भाऊसाहेब, एवढे कागद तर आमच्या सायबाच्या घटस्फोटाला न्हवते. हलका माणूस. केसाला तेल इतके की फॉर्मवर डाग पडला. नवा फॉर्म आणायला लावला.
शिल्लक होती ती ऑपरेशनात संपली. साबडे बाई म्हणतात, आता शेक, म्हणजे रेडिएशन. पाच आठवडे. सव्वीस मार्चला सुरू झालेच पाहिजे, उशीर झाला तर ऑपरेशन केले ते फुकट जाईल. पैसे पॉलिसीचे. सौ.ने विचारले, येतील ना वेळेवर? म्हणालो, फाइल कोणी केली आहे?

६ मार्च.
कंपनीचे पत्र. इंग्रजी. तीनदा वाचले.
क्लेम नामंजूर. आजार पॉलिसीच्या आधीचा. आधार: हॉस्पिटलचा केसपेपर. 'गाठ दोन वर्षांपासून, पतीने सांगितल्याप्रमाणे.' दोन वर्षे मागे मोजली की पंच्याण्णवचा जानेवारी येतो. पॉलिसी डिसेंबरची.
कंपनीची किळस आली. माणूस मरणाच्या दारात आणि हे लोक बोटांवर महिने मोजतात.
बन्सीने विचारले, दोन वर्षं कोन बोललं, भाऊसाहेब? म्हणालो, हॉस्पिटलची चूक. त्याने पिशवी चाचपली. मग म्हणाला, माझ्याकडं बी कॉपी आलीय.
सौ.ला सांगितले, किरकोळ त्रुटी आहे.

९ मार्च.
अपिलाचा मसुदा. सात पाने. 'पतीने सांगितल्याप्रमाणे' हा टंकलेखनाचा दोष असल्याचे सिद्ध केले आहे. तिसऱ्या पानाशी वाचताना मलाही पटले. पाठवला नाही. 'सदरहू' फार वेळा आले आहे.

१२ मार्च. पुणे.
एकटाच गेलो. साबडे बाईंना म्हणालो, तेवढे दोन वर्षे खोडून पाच महिने करा. बाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते मी लिहिलं, खोडणार नाही. खरी हकिकत वेगळी असेल तर पेशंटला घेऊन या. तिच्या तोंडून ऐकते, तुमचं लेखी निवेदन घेते आणि तसं सर्टिफिकेट देते.
एवढ्याशा गोष्टीसाठी आजारी बाईला एसटीत बसवायचे? आणि निवेदन माझे कशाला? उद्धट बाई. शिकलेल्या बायकांचा मला वीट आला आहे.
घरी सांगितले, डॉक्टर भेटल्या नाहीत.

१३ मार्च.
अपील पुन्हा लिहायला घेतले. आठ पाने झाली.

१५ मार्च. दुपार.
मधल्या दारातून ऐकू आले. सौ. म्हणत होती, पैशाचं जमत नसलं तर राहू दे शेक. झालं एवढं पुष्कळ झालं.
लंकावहिनी म्हणाली, राहू दे म्हंजे? गाठ काय पाहुनी व्हती, आली न् चा पिऊन गेली?
मग बाहेर येऊन मला म्हणाली, भावजी, ते पत्र वाचून दावा की. म्हणालो, इंग्रजी आहे. ती म्हणाली, मंग इंग्रजीच वाचा, आमी तोंडाकडं बघून वळखू.
अशा भाषेला मी उत्तर देत नाही. शाळेत निघून गेलो. शनिवार, शाळा सकाळीच सुटलेली. कार्यालयात बसून रबरी शिक्के पुसले.

१५ मार्च. संध्याकाळ.
परत आलो तर ओट्यावर बन्सी. हातात त्याची कॉपी. दोघींना एकेक ओळ मराठी करून सांगत होता. 'पतीने सांगितल्याप्रमाणे' दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा कोणी विचारले नव्हते.
लंकावहिनी म्हणाली, व्हय, आमचे भावजी लई हुशार. गाठ बायकोला, न् तारीख ह्यांना ठावी!
बन्सीने घडी उगाच उलगडली, पुन्हा घातली. म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा वहिनी, मी सोता सायबाच्या टेबलावर ठिवतो.
सौ. हसली नाही. मला म्हणाली, डॉक्टर खरंच भेटल्या नव्हत्या? मी चपला काढत होतो. ती म्हणाली, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं. तुम्हीही यायचं. विचारले नाही. सांगितले.

१७ मार्च. पहाटे, एसटीत.
सौ. खिडकीशी. डाव्या बाजूला उशी धरून. खड्डा आला की डोळे मिटते.
माझे वाक्य तयार आहे: 'त्या वेळी उपलब्ध माहितीच्या आधारे सद्भावनेने कालावधी नमूद करण्यात आला.' यात कोणाचाच दोष राहत नाही. बारा वेळा मनात म्हटले. शिरूरच्या पुढे आणखी सहा वेळा.

१७ मार्च. संध्याकाळ, पुण्याच्या स्टँडवर.
गाडीला अवकाश आहे. सौ. बाकावर डोळे मिटून बसली आहे. लिहून टाकतो.
साबडे बाईंनी विचारले, गाठ कधीपासून? मी वाक्य सुरू केले. 'उपलब्ध' इथपर्यंत आलो. सौ. म्हणाली, अहो, तुम्ही थांबा.
थांबलो.
ती बोलली. दुसरा श्रावणी सोमवार. आंघोळ करताना हाताला लागली, हरभऱ्याएवढी. त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ऑडिट चालू आहे. दिवाळीत पुन्हा सांगितलं, तेव्हा बोराएवढी झाली होती. हे म्हणाले, तेल लावून चोळ. मग जाऊबाईंना सांगितलं.
मला यातले काही आठवत नाही. ऑडिट मात्र आठवते. एकही आक्षेप निघाला नव्हता.
बाई लिहीत होत्या. त्यांनी विचारले, मग ह्यांनी दोन वर्षं कशावरून सांगितली?
सौ. म्हणाली, ह्यांना काही माहीत नव्हतं, डॉक्टर. अंदाजानं बोलले.
रागाने म्हणाली नाही. घराचा पत्ता सांगावा तसे म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आले असते.
बाई म्हणाल्या, ह्यांनी हे लिहून दिलं तर कंपनीला पुरेल, मी सव्वीसची तारीख धरून ठेवते. त्यांनीच निवेदनाच्या छापील फॉर्मवर मजकूर लिहून कागद पुढे सरकवला. दोन ओळी. 'माझ्या पत्नीच्या आजाराची मला माहिती नव्हती. विचारल्यावर मी अंदाजाने उत्तर दिले.'
मी म्हणालो, एक शब्द घालू या. 'पुरेशी माहिती नव्हती.'
बाईंनी सौ.कडे पाहिले.
सौ. म्हणाली, नको.
सही केली. खाली नाव, तारीख. त्याखाली रकाना होता, रुग्णाशी नाते. तिथे थोडा वेळ गेला. बाईंना वाटले, पेन बंद पडले. त्यांनी आपले दिले.
लिहिले: पती.