खार ओरडत होती तेव्हा

तिसगाव

प्रिय जया,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून रामहरीच्या टेम्पोतून सुप्याला हे पत्र धाडते आहे. सोबत शेंगदाण्याची चटणी दिली आहे. राग माझ्यावर काढ, चटणीवर नको.

अंगणातल्या कन्हेरीत बुलबुलानं घरटं केलं होतं. सकाळी काय गोड बोलायचा! तुझे वडील चहा निवेपर्यंत ऐकत बसायचे. पेरूवरच्या खारीचा मात्र मला वैताग, दिवसभर तिची चिकचिक. लहानपणी तुम्हा दोघींनाही मी हीच नावं ठेवली होती. सुकन्या भजन म्हणते म्हणून ती बुलबुल, आणि तू घरभर पळणारी, तोंड न मिटणारी खार. तू हसायचीस, म्हणून तुला ते आवडतं असंच मी धरून चालले.

परवा दुपारी मी जरा पडले होते, तर खारीनं नुसता उच्छाद मांडला. उठले आणि खडा भिरकावला. ती गप्प झाली. थोड्या वेळानं बाहेर येऊन बघते तर मांजर कन्हेरीतून उतरत होतं. घरट्यात काही उरलं नव्हतं. ती बिचारी खार, मांजर आलं म्हणून जीव तोडून सांगत होती, आणि मी झोपमोड झाली म्हणून तिलाच खडा मारला. जया, तुझाच चेहरा समोर आला.

सुकन्याच्या सुपारीच्या दिवशी तू मला चुलीपाशी ओढून सांगत होतीस. नवरामुलगा अंगद तुझ्याच कंपनीत. लग्नानंतर हिचं गाणं बंद, असं तो डबा खाताना मित्रांना सांगतो म्हणून. बाहेर पाहुणे बसलेले. मी म्हणाले, "तुला बहिणीचं बरं बघवत न्हाई." तू न जेवता एसटीत बसलीस आणि इकडे आम्ही सुपारी फोडली. माझं चुकलं गं. आई असून मी असं कसं बोलले?

काल सुकन्याच्या होणाऱ्या सासूचा निरोप आला, गाण्याची पेटी सासरी आणायची नाही. पोरगी रडली नाही, भांडली नाही. पेटीवर कापड टाकून नुसती बसून आहे. तिला गाता येतं, पण ओरडता येत नाही. ते तुला येतं. रविवारी पाहुणे लग्नाची तारीख धरायला येताहेत. तू ये. सगळ्यांसमोर हवं तेवढं बोल. या वेळी मी खडा उचलणार नाही.

तुझीच,
आई