तांब्यावरचं नाव

ज्येष्ठ वद्य एकादशी, १९६३

परवा कुसुम धुळ्याला कॉलेजच्या वसतिगृहात जाणार, म्हणून तिच्या ताट-तांब्यावर नाव कोरायला आम्ही दोघी बाजारात गेलो. मी म्हणाले, "नुसतं कुसुम टाका." आडनाव लग्नात बदलेलच, मग हीच भांडी सासरी चालतील. कुसुम मध्येच, "माय, मन्हं पुरं नाव पायजे. तठे दहा कुसुम ऱ्हातीन!" कोरणारा हसला, "पोर वकील व्हई, वहिनी." पुरं नावच टाकलं. चुकलं का?

संध्याकाळी तांब्या घासला. कोरलेली अक्षरं बोटांना लागतात. माझं तर लग्नात सगळंच नाव बदललं. जुनं फक्त मॅट्रिकच्या दाखल्यावर, ट्रंकेच्या तळाशी. ती ट्रंक आता कुसुमला द्यायची. दाखला कुठे ठेवावा? तूर्त देवांच्या मागे ठेवलाय.