शंभर वर्षांवरची चांदणी

४ जानेवारी, सकाळ
या वर्षी एकच संकल्प. पहाटे उठणे, गोड सोडणे असल्या किरकोळ गोष्टींत शक्ती घालवायची नाही. सासऱ्यांच्या भिंतीवर जायचं. म्हणजे फोटोरूपाने, आणि हयातीत. मार्चमध्ये सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. मागच्या सुट्टीत सगळ्यांचा मिळून काढलेला ग्रूप फोटो मी माझ्या फोटो प्रिंटरवर, माझ्या हाताने, मोठा छापून भेट देणार. सध्या त्या भिंतीवर साडूने दिलेलं घड्याळ आहे. घड्याळ काय, कुणीही देतं.

४ जानेवारी, संध्याकाळ
हिला संकल्प सांगितला. ही म्हणाली, स्टुडिओतून छापून आणा, ती माणसं तेच तर काम करतात. या घरात भावनेला किंमत नाही.
सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे बल्ब गेला तरी साडूला फोन जातो, आणि तो गावाच्या दुसऱ्या टोकाहून स्टूल घेऊन येतो. मी तिथेच सोफ्यावर बसलेला असतो. लग्न झाल्यापासून त्यांनी मला एकही काम सांगितलेलं नाही. चहा घ्या, बसा, एवढंच. लागतं मनाला. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितो.

९ जानेवारी
प्रिंटरच्या कंपनीची शाई म्हणजे पांढरा हत्ती. शेजारच्या मांजराचे दोन-चार फोटो छापले की लाल दिवा लागतो. कॉम्प्युटरच्या दुकानात पर्यायी शाई मिळाली. डाय इंक, सहा रंगांच्या सहा बाटल्या. लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘रंग शंभर वर्षं टिकतो’. पुढे एक छोटी चांदणी छापली आहे. दर्जाची खूण असावी, हॉटेलांना असते तशी. एकच आहे, पण शाईला एक पुरे.
दुकानदार म्हणाला, याच्याबरोबरचा कागदही न्या. मी म्हटलं, घरी आहे. मला कोण गंडवणार!

११ जानेवारी
आज कार्ट्रिज भरायची. सिरिंजमध्ये शाई ओढायची, भोकातून सोडायची. पोर खेळता खेळता करील. व्हिडिओतला माणूस सांगतो की हातमोजे घाला. ज्यांचे हात कापतात त्यांच्यासाठी असेल.

११ जानेवारी, जेवणाआधी
मॅजेंटा, म्हणजे राणी रंगाची शाई. दोन्ही हात, बनियन, फरशी आणि हिचा नवा टॉवेल. ही खोलीत आली तेव्हा मी टॉवेल पलंगाखाली सरकवत होतो. रंगेहाथ पकडणे म्हणजे काय ते आज कळलं. हिने टॉवेलविषयी जे मत मांडलं ते इथे लिहीत नाही.
पण शाई अस्सल. साबण, लिंबू, टूथपेस्ट, काही म्हणता काही चालेना. शंभर वर्षं ही थाप नाही.

१२ जानेवारी
ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने अंगठा ओळखला नाही. साहेबांनी विचारलं, कुणाचा खून करून आलात? मी त्यांना पिगमेंट आणि डाय यांतला फरक समजावून दिला. पिगमेंटचे कण कागदावर बसतात, डाय कागदात मुरतं. पाहुणा आणि जावई यांतला फरक, असंही म्हटलं. साहेबांना एकदम मीटिंग आठवली.

१९ जानेवारी
पहिली प्रिंट. सगळं कुटुंब हिरवंपिवळं. हिने विचारलं, आमच्या माहेरी एकदम सगळ्यांना कावीळ झाली का? कन्या म्हणाली, बाबा, सेटिंगमध्ये तुम्ही साधा कागद निवडलाय. तो मी मुद्दामच निवडला होता, शाईचा मूळ स्वभाव बघायला. मग कन्येच्या समाधानासाठी बदलला. सगळे माणसांत आले.

२० जानेवारी
शास्त्र म्हणजे शास्त्र. टिकाऊपणाची चाचणी सुरू. एक छोटी प्रिंट कपाटात, अंधारात. दुसरी हॉलच्या खिडकीच्या काचेला, भर उन्हात, चिकटपट्टीने. चेहरे आतल्या बाजूला ठेवलेत, म्हणजे खुर्चीत बसल्या बसल्या निरीक्षण होतं. साडूने घड्याळ देण्याआधी अशी चाचणी घेतली होती का? विचारायला हवं.

३ फेब्रुवारी
निरीक्षण: फरक नाही.

१७ फेब्रुवारी
निरीक्षण: फरक अजिबात नाही. ही म्हणते, खिडकीतलं ते ठिगळ काढा. ठिगळ! मोठ्या संशोधकांना घरून असाच पाठिंबा मिळत असणार.

२४ फेब्रुवारी
मोठी प्रिंट लावली. सासऱ्यांच्या कपाळावरून आडव्या पांढऱ्या रेघा. शाई सोडणारं नोझल बुजलं. हेड क्लीनिंग केलं, म्हणजे शाईनेच नोझल धुतलं. रेघा होत्या तिथेच. पुन्हा केलं. आता सासूबाईंवरूनही रेघा. क्लीनिंगलाच निम्मी शाई गेली. रोगापेक्षा इलाज भयंकर.
तेवढ्यात साडूचा फोन. फितुरी घरातूनच झाली असणार. स्टुडिओवाला ओळखीचा आहे, सांगू का, म्हणाला. मी म्हटलं, कळवतो. कळवणार नाही.

१ मार्च
छापली! एकही रेघ नाही. कागद माझ्याकडचा जुना ग्लॉसी वापरला. कागदासारखा कागद, त्यात काय एवढं? सासू-सासरे मधोमध. साडू मागच्या रांगेत, डावीकडचा वरचा कोपरा अडवून, लाल शर्टात. मी उजव्या टोकाला निळ्या शर्टात. बराच वेळ एकटाच बघत बसलो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. आपल्या हातून इतकं चांगलं काही झालेलं मला आठवत नाही.

८ मार्च
समारंभ झाला. आलेल्या प्रत्येकाला मी शंभर वर्षांचं सांगितलं. काहींना दोनदा. सासऱ्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवून पाहिला, उलटा करून मागूनही पाहिला. मग म्हणाले, फ्रेम मजबूत आहे.
फ्रेम साडूने करून आणली होती.
असो. घड्याळ उतरलं, माझा फोटो चढला! खिडकीच्या बरोबर समोर. ती जागा मीच सुचवली. दुपारचं ऊन थेट फोटोवर येतं आणि चेहरे कसे उजळून निघतात. खिळा साडूने ठोकला.

१६ एप्रिल
सासरवाडीला गेलो. सासूबाईंनी साडूच्या मुलाचा पासपोर्ट फोटो आमच्या फ्रेमच्या कोपऱ्यात, काचेवर खोचलाय. नेमका साडूच्या तोंडावर. मी नजरेस आणून देणार होतो, पण म्हटलं, आजीच्या प्रेमाच्या मध्ये आपण कशाला पडा? जेवण चांगलं गेलं.

५ जून
ही माहेरी जाऊन आली. म्हणाली, फोटो पांढुरका वाटतोय. म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासून घे. मग दिवसभर घरात शांतता होती, ती मला मानवली नाही.

२१ जुलै
सासऱ्यांनी हिला फोन करून विचारलं, फोटोत जावईबापूंनी पांढरा शर्ट घातलाय का? निळा होता! वय झालं त्यांचं. वाईट वाटलं.
खिडकीतल्या प्रिंटचं तातडीने निरीक्षण: फरक नाही. माझा शर्ट निळाशार.

१ सप्टेंबर
ही खिडक्या पुसत होती. तिने विचारलं, उन्हाची चाचणी होती ना, मग चित्राची पाठ का उन्हाकडे? मी शांतपणे समजावू लागलो की चेहरे आत असले म्हणजे खुर्चीतून... आणि तिथेच थांबलो.
ही फडकं पिळत उभी राहिली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर, दुपार
बाटली भिंगाखाली धरली. लेबलच्या तळाशी आणखी एक चांदणी सापडली. तिच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत: ‘शिफारस केलेल्या कागदावर, काचेमागे, थेट उन्हापासून दूर ठेवल्यास.’ त्यातली काच तेवढी मी जमवली. म्हणजे साडूने.
तरी घाबरायचं कारण नाही. सासऱ्यांना पडदा भेट द्यावा. जाड.

७ सप्टेंबर
पडदा घेऊन सासरवाडीला गेलो. साडूही सहकुटुंब आलेला. मुलाच्या शाळेच्या फॉर्मला फोटो हवा होता, म्हणून सासूबाईंनी फ्रेमच्या कोपऱ्यातला पासपोर्ट फोटो ओढून काढला.
त्याच्याखाली साडू. गुलाबी गाल, लालभडक कॉलर, मिशीचा केस न् केस. त्या चौकोनाबाहेर सगळं कुटुंब धुक्यात. सासू-सासरे हिरवट सावल्या. उजव्या टोकाला एक चष्मा आणि पांढरी कॉलर, तो मी.
साडूला मानलं, तो हसला नाही, गळका नळ बघायला आत गेला. मी पडद्याची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.
सासरे उठले. बराच वेळ फोटोसमोर उभे राहिले. मग माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, जावईबापू, तुमच्याकडे एक काम होतं.
माझ्याकडे! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, सांगा ना.
ते हळू आवाजात म्हणाले, तुमच्या साडूंना जरा विचाराल का, त्यांच्या भागाला त्यांनी कुठली शाई वापरली?
विचारतो म्हटलं. काम सांगितलंय, नाही कसं म्हणणार?