वेलावरची घासणी

६ जुलै
भंडाऱ्याहून दुपारच्या एसटीनं परत अड्याळला. कुसुमचे हात दाखवले. चामडीचा डॉक्टर तरुण, पण सावकाश पाहिलं त्यानं. दोन्ही तळव्यांना भेगा, बोटांच्या पेरांतून रक्त. भांड्यांचा साबण बंद, ती हिरवी खरबरीत घासणी बंद, आणि काही महिने हात पाण्यात घालायचेच नाहीत. कुसुमनं विचारलं, "मंग भांडे कोण घासन?" डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅलेंडरकडं.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली की माघात रुपालीचं लग्न आहे. रुपाली तिच्या बहिणीची पोरगी, पवनीची. लग्नात लांब पोळ्या मावशीच्याच हातच्या, हे साक्षगंधातच ठरलेलं. मडक्यावरची पोळी लाटत नाहीत, हातावर ओढतात, पार कोपरापर्यंत. पिठात मीठ. भेगांत मीठ गेलं की काय होतं ते मी मागच्या महिन्यात पाहिलं आहे. ओढलेली पोळी तशीच टाकून उठली होती.

७ जुलै
आज भांडी मी घासली. चिखल्याच्या खाणीत हजेरीच्या खिडकीत नोकरी झाली, मागच्या वर्षी सुटलो. तेव्हापासून घरी सगळ्यांच्या पायात येतो असं कु. म्हणते. (कुसुम पूर्ण लिहायला आता वेळ नाही, ओट्यावर दुधाचं पातेलं भिजतंय.)
घासलेल्या कुकरमध्ये तिनं बोट फिरवून पाहिलं. कुकर परत मोरीत ठेवला. बोलली असती तर बरं.

११ जुलै
रबरी हातमोजे आणून दिले तिला. आत घाम, भेगा आणखी ओल्या. काढून फेकले.
हिरवी घासणी मी तरी कशाला वापरू, म्हणून सोडली. मंदिरातून नारळाच्या शेंड्या आणल्या, मूठ करून बांधल्या. काळ्या कढईला एकदम मस्त. पण स्टीलच्या ताटावर ओरखडे, आणि सुटलेला काथ्या डाळीत. जेवताना कु.नं तोंडातून एक धागा काढला, ताटाच्या कडेला ठेवला. नीट ठेवला, मला दिसेल असा.

१५ जुलै
मोरीचं पाणी परसात जातं, अळूच्या वाफ्यात. आज गवत काढताना मातीत हिरवे-हिरवे बारीक तुकडे. आधी वाटलं शेवाळ. चिमटीत धरलं तर घासणीचा चुरा. किती वर्षांचा कोण जाणे, खालपर्यंत होता. शेजारची कोंबडी तेच टिपत होती. हाकलली. मग बराच वेळ उकिडवा बसून वेचत राहिलो. संपेना.
त्याच अळूची वडी आपण खातो.

१८ जुलै
वच्छलाबाई शेजारच्या. लग्नाच्या पोळ्यांना कु.ची जोडीदार, ही ओढते, ती मडक्यावरून उतरवते. त्यांच्याकडं अजून चूल आहे, म्हणून राख मागायला गेलो. मला पाहून पदर तोंडाला लावला. मी भांडी घासतो हे गावात झालं असणार सगळ्यांना माहीत.
राख दिली. आणि आढ्याला टांगलेलं एक वाळकं दोडकं काढून दिलं, चोपड्या जातीचं, ज्याला बाजारात गिलकं म्हणतात. बियांसाठी ठेवलेलं. म्हणाल्या, "हे घ्या जी भाऊजी. बिया लावा, आन् जाळीनं भांडे घासा. माही माय आमाले यानंच आंग घासून देये."
साल कुस्करली, बिया झाडल्या. आत नुसती जाळी, पांढरट, पोकळ. पाण्यात टाकली तर मऊ पडली. रिठे भिजवून त्याचा फेस घेतला, ताटं घासली. ओरखडा नाही, वास नाही. कु.नं बोट फिरवलं. या वेळी ताट फळीवर लावलं.

२० जुलै
बिया लावल्या, अळूच्या वाफ्याच्या कडेला, कुंपणाजवळ. मोरीचं पाणी तिकडं वळवलं. आता त्यात रिठा आणि राख, दुसरं काही नाही.

९ ऑगस्ट
वेल कुंपणावर चढला. चहाच्या टपरीवर नामदेव, माझा जुना सोबती, म्हणाला साहेब आजकाल मोरीत हजेरी लावतात. हसलो. काय वाईट बोलला? लावतोच.
खरं सांगायचं तर सकाळचा तो वेळ बरा जातो. पाणी, आवाज, एक-एक भांडं हातावेगळं.

२३ ऑगस्ट
वाईट दिवस.
पहाटे मोरीत आवाज. कु. माझी रात्रीची घासलेली भांडी परत घासून राहिली होती. साबणानं. लपवून ठेवलेला तुकडा हिरव्या घासणीचा. आधीपासूनच करत असावी, म्हणूनच हात भरून येत नव्हते. उजवा अंगठा उलला, पाण्यात रक्त.
मी ओरडलो. तिनं पातेलं खाली ठेवलं, अगदी हळू.
"सैंपाक तुम्ही अर्धा घेतला, भांडे घेतले, धुणं मशीनले गेलं. रुपालीच्या लग्नात वच्छला दुसरी बाई पाहून राहिली, मले मालूम आहे. मी कायच्यात उरली, सांगा."
हाताला खोबरेल लावून दिलं. लावू दिलं तिनं.

२४ ऑगस्ट
रात्रभर विचार केला असं नाही, झोपलो. पण सकाळी तिला म्हटलं, तू पाटावर बस, मोरीच्या बाहेर. मी घासतो, तू सांग. कुठं राहिलं, काय आधी, काय नंतर. पुसून लावायचंही तुझ्याकडं.
बसली. आणि काय सांगितलं! कपबशा आधी, तेलाचं शेवटी, पोळपाट उभा ठेवायचा, डाव आतून नाही तर मागून घाणेरडा असतो. मी उलटंच करत होतो सगळं. ती मधेच हसली. जुलैपासून पहिल्यांदा.

१४ सप्टेंबर
पिवळी फुलं. वेल वच्छलाबाईंच्या छपराच्या कवेलूवर गेला. त्या म्हणाल्या जाऊ द्या.

२९ सप्टेंबर
वांदरं आली. कोवळी दोडकी अर्धी खाऊन फेकली. मी काठी घेऊन परसात, कु. थाळी वाजवत दारात. गेली ती. वेल मधून तुटला, पण बुडखा शाबूत.

८ ऑक्टोबर
नवीन फुटवा, नवीन दोडकी. त्यावरून वाद. कु. म्हणते कोवळी आहेत तोवर भाजी करू. मी म्हणतो एकही तोडायचं नाही, वेलावरच वाळू द्या. शेवटी खालची भाजीला, वरची घासणीला. चण्याची डाळ घालून केली तिनं. फोडणी तिची, चिरलं मी.
हात बरे दिसतात.

२ नोव्हेंबर
घाई केली. एक पिवळं पडलं होतं ते तोडून उन्हात ठेवलं. आतून सडलं, वास सुटला. वच्छलाबाई म्हणाल्या, हलवल्यावर आत बिया वाजल्या पाहिजेत, तोवर हात लावू नका. रोज हलवून पाहतो आता. वाजत नाही.

१९ नोव्हेंबर
भंडाऱ्याला डॉक्टरकडं. म्हणाला छान. कु.ला विचारलं काय वापरता. तिनं माझ्याकडं बोट केलं, "यायले विचारा." मी दोडक्याचं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. पोळ्यांचं तिनं विचारलंच, मीठ आणि विस्तव चालेल का. डॉक्टर म्हणाला जपून, थोडं-थोडं करून पाहा. बसची वाट पाहताना ती एकटीच काहीतरी मोजल्यासारखी बोटं उघड-मीट करत होती.

६ डिसेंबर
वाजलं! तपकिरी, पिसासारखं हलकं. साल पाण्यात भिजवून ओढली तर सदऱ्यासारखी निघाली. आत लांब जाळी, दाट. तीन तुकडे केले. एक वच्छलाबाईंना.

१७ डिसेंबर
अवकाळी पाऊस, दोन दिवस. वेलावरची वाळकी काळी पडली, बुरशी. काही वाचली, कवेलूखाली होती ती. जीव हळहळला. वाचलेली चुलीवर टांगली, वच्छलाबाईंच्या.
या जाळीचं एवढंच आहे की ओली राहू द्यायची नाही. घासून झालं की उन्हात. झिजली की खताच्या खड्ड्यात. आणि करपलेल्या कढईला ती पुरत नाही, तिथं नारळाच्या शेंड्याच. कु. म्हणते दोघांचं काम वेगळं आहे, भांडायचं नाही.

११ जानेवारी
कु.नं पीठ भिजवलं. मला सांगितलंही नाही. वच्छलाबाईंच्या अंगणात मडकं उलटं ठेवून जाळ केला. मी कुंपणापाशी वेल आवरत होतो, म्हणजे आवरल्यासारखं करत होतो.
पहिली पोळी मनगटापर्यंत आली आणि फाटली. दुसरी फाटली. तिसरी ओढली कोपरापर्यंत, मडक्यावर टाकली, पातळ, पलीकडचं दिसेल अशी. वच्छलाबाईंनी उतरवली. कु.नं हात पाहिले. मग हाक मारली, "या जी, गरम आहे."

५ फेब्रुवारी
पवनीला निघायची तयारी. पोळ्या कु.च करणार, निम्म्या. निम्म्या दुसऱ्या बाईच्या, वच्छलाबाईंनी तसं जमवलं. कु. चिडली नाही. पिशवीत तिनं दोन दोडक्याच्या जाळ्या टाकल्या. म्हणाली, तिथं पीठ लागलेल्या पराती कोणी साबणानं घासायला लावल्या तर?

८ फेब्रुवारी
लग्न लागलं. मंडपाच्या मागं चुली, ती पदर खोचून, दंडापर्यंत पीठ. वरपक्षाचा एक म्हातारा पोळी उजेडाकडं धरून पाहत होता. मी परातींवर होतो. सकाळी तिच्या मेहुण्यानं दोनदा उठवायचा प्रयत्न केला, पाव्हण्यांनी असं बसू नये म्हणून. मग तोही बसला, पाणी ओतायला.
रुपाली निघताना मावशीचे हात धरून रडली. मी त्या हातांकडंच पाहत होतो.

१३ फेब्रुवारी
उजव्या अंगठ्याला पुन्हा बारीक भेग. एकच. रक्त नाही.
पवनीच्या बायांचा फोन, बिया पाहिजेत. आणि वैशाखातल्या एका लग्नाला पोळ्यांचं बोलावणं. कु. म्हणाली सांगते.

१६ फेब्रुवारी
बोलावण्याचं अजून सांगितलं नाही तिनं. सोमवारी डॉक्टरकडं जाऊ म्हणतो. तो नाही म्हणाला तर?
संध्याकाळी ती पीठ घेऊन मोरीशी आली. मी भांडी आटोपून हात पुसत होतो. म्हणाली, "हात इकडं करा. पालथा नाही, उताणा."
गोळा ठेवला तळव्यावर. सैल, गार, थांबेना. मी म्हटलं, हे माझ्यानं व्हायचं नाही. ती म्हणाली, भांड्यांचंही तुम्ही असंच म्हणालते.
मनगटाच्या अलीकडंच फाटली. खाली सांडलेलं पीठ तिनं चमच्यानं गोळा केलं, हसली नाही. पुन्हा गोळा ठेवला, माझं कोपर धरून जरा वर उचललं.
"घाई नोका करू. आपोआप उतरते ते."