कुलूप न बदलण्याच्या अटीवर

मी, किल्लीवाली या नावाने ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. मला एचआयव्ही आहे. आधीच लिहिते, म्हणजे मागाहून कोणाला कुजबुजायला नको.

१. राहती खोली माझ्या मालकीची आहे. ती मला शिवणकाम करणाऱ्या मावशीने दिली. तिलाही हाच आजार होता. त्याआधी माझा आजार कळला की घरमालक कुलूप बदलत. मी दवाखान्यात असताना सख्ख्या भावानेही बदलले. ते मला पिनेने उघडता आले असते. उघडले नाही. दर बिऱ्हाडात गोळ्या कुलपाआड राहत आणि चुकत. या खोलीत एकही चुकली नाही. आता रक्तात विषाणू सापडत नाही.

२. जेवण झाले की मावशी पडद्याआडून विचारी, "गोळी घेतलीस का गं?" तिला जाऊन बरीच वर्षे झाली. अजून विचारते. खोटे सांगितले तर पुन्हा विचारते, जवळून.

३. खोली भावाला मिळू नये. मागच्या महिन्यात तो मोजायची टेप घेऊन आला. "ताई, तुझ्यामागे या खोलीचं कोण बघणार?" पाणी दिले, प्यायला नाही. तेवढ्यात पडद्याआडून विचारणा झाली.

"आत कोण आहे?" त्याने विचारले.

"घरमालकीण," मी म्हटले.

तो अनवाणी पळाला. चपला दाराशी आहेत, त्या त्याला द्याव्यात. बाकी काही नाही.

४. खोली इस्त्रीवालीला द्यावी. आमची ओळख औषधाच्या रांगेतली. हे तिला विचारूनच लिहिते. घरमालकाने बाहेर काढल्यापासून ती दुकानात गाठोड्यांवर झोपते. पडद्याचे सांगितले, तर मला म्हणाली, "मावशी, मला भुतांची नाही, घरमालकांची भीती वाटते."

५. कानशी, शिकंजा आणि कोऱ्या किल्ल्या कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला. अट एकच: या दाराचे कुलूप त्याने कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नये.

६. माझ्यानंतर पडद्याआडून दोन आवाज येतील. उत्तर एकदाच दिले तरी चालेल. खरे द्यावे.

साक्षीदार: दवाखान्यातली नर्स (सही)
खालचा किराणावाला (सही)
लिहून देणार: किल्लीवाली (सही)
स्थळ: हीच खोली. दिनांक: ११ फेब्रुवारी, दुपारच्या जेवणानंतर.

ताजा कलम: सह्या चालू असताना पडदा हलला, आतून विचारणा झाली. किराणावाल्याचे पेन थांबले. मी तोंड उघडण्याआधी बाहेर पायरीवर बसलेली इस्त्रीवाली म्हणाली, "घेतली."

पडदा हलायचा थांबला. ताबा दिला, असे समजावे.