तुडुमाचा उरलेला धडा

गुरुजी, या सोमवारी सकाळी मी महादेवाच्या पिंडीवर पाणी घातले आणि घंटा न वाजवताच बाहेर आलो. पायरीशी दर सोमवारसारखे तुमच्या मुलाचे टेबल लागले होते. त्यावर तुमचा हार घातलेला फोटो, आपल्या शाळेतला तो घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक आणि चुंबक बसवलेल्या तांब्याच्या कड्यांचा ढीग.

तो तुमचाच धडा सांगतो, शब्दाला शब्द. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा येतो, पृथ्वीचे चुंबकत्व त्याला तलावाच्या पाळीसारखे अडवते. पाळ फुटत नाही. पण वाऱ्यासोबत आलेल्या चुंबकत्वाची दिशा आपल्या उलट असली, की दोन्हीकडच्या रेषा तुटून एकमेकींना जुळतात आणि तलावाचे तुडूम, पाणी सोडायचे ते दार, उघडावे तशी वाट होते. बरेच कण वळसा घालून मागच्या, रात्रीच्या बाजूने आत शिरतात. हे तुम्ही आम्हाला पाळीवर बसवून शिकवले होते. खाली तुडुमातून धानाला पाणी सुटत होते. मी घाबरून विचारले, "मंग आपन मरून नाही का जाऊ, गुरुजी?" तुम्ही हसलात. "कायले मरशीन? ते ध्रुवाकडं जातेत, वरच्या हवेत अडकतेत, उजेड पाडतेत. तुया केसालेबी धक्का नाही."

हे शेवटचे तो गाळतो. तुडूम उघडले की थांबतो आणि हे घातले की कण अंगात शिरत नाहीत, बीपीही उतरते, असे म्हणत कडे पुढे करतो. शेजारच्या काकूंनी ते घातले आणि बीपीच्या गोळ्या बंद केल्या. मी रागावलो तर म्हणाल्या, "गुरुजीचा पोरगा खोटं बोलन काय?" किळस आली. त्याची आली, आणि ऐकून मुकाट्याने घरी जाणाऱ्या माझीही.

या सोमवारी मी गर्दीत उभा राहून म्हणालो, "पुढचं सांग ना, बाबू."

"पुढचं काय, दादा?"

"तुया बापानं सांगतलं होतं ते."

"धंद्याच्या टायमाले शाळा नोको भरवू, दादा." लोक हसले.

मग मीच सांगितले, तुमच्याच शब्दांत, केसापर्यंत. गर्दीतच उभ्या असलेल्या काकूंनी कडे काढून टेबलावर आपटले. तुमचा फोटो मी उचलला. फोटो आता माझ्या देवघराशेजारी आहे.

एक सांगायचे राहिले. तो बोलत असताना डोळे मिटले, की हुबेहूब तुमचा आवाज येतो. म्हणून इतके सोमवार मी गप्प ऐकत राहिलो. या सोमवारी डोळे उघडे ठेवले आणि धडा पुरा केला.